सुकेळी घातलेले केळ्याचे मसाला मफिन्स (फुगतात आणि मग मध्येच बसतात, मदत हवी)

आगाशीकरीण | शनिवार, दुपारी ३:१०

दरवर्षी मार्चमध्ये आईकडून सुकेळीचं पुडकं येतं. माहेर आगाशीचं, त्यामुळे सुकेळी म्हणजे काय हे कधी कुणाला समजावून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा कळलं की 'वाळवलेली केळी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वेफर्स येतात. तर माहीत नसणाऱ्यांसाठी: राजेळी केळी पूर्ण पिकवून, सोलून उन्हात वाळवायची. साखर नाही, पाक नाही. सकाळी मांडायची, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, असं आठवडाभर. शेवटी मधाच्या रंगाचं, चिवट, बोटाएवढं काहीतरी तयार होतं आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून विकायला येतं.

माझ्या घरात ते कुणी खात नाही. नवऱ्याच्या दाताला चिकटतं, लेकाला त्याचं रूप पसंत नाही. गेल्या वर्षीचं अर्धं पुडकं फ्रिजच्या तळाशी सापडलं तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी ती बारीक करून मफिनमध्ये घातली. तेव्हापासून चारदा केलेत. तिसऱ्या वेळेला लेकाने विचारलं, "त्यात ते टॉफीसारखं काय आहे?" मी सांगितलं नाही.

साहित्य (१२ मफिन्स): मैदा १२५ ग्रॅम, कणीक ७५ ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चमचा, सोडा अर्धा चमचा, मीठ पाव चमचा. दालचिनी पूड दीड चमचा, सुंठ अर्धा चमचा, जायफळ किसून पाव चमचा, दोन लवंगा कुटून. चमचा म्हणजे मापाचा ५ मिलीचा. खूप पिकलेली केळी ४, किसलेला गूळ १०० ग्रॅम, दही १०० ग्रॅम, तेल ८० मिली, अंडं १. सुकेळी १०० ग्रॅम, अक्रोड मूठभर.

कृती: ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) १८० डिग्रीवर तापत ठेवा. सुकं सगळं एकत्र चाळा. केळी कुस्करून त्यात गूळ, दही, तेल, अंडं घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळा. सुकेळी सुरीने कापायला गेलात तर सुरी, पाट, बोटं सगळं एकजीव होतं. कात्रीला तेलाचं बोट लावा आणि थेट मैद्यात कातरत जा, म्हणजे तुकडे सुटे राहतात. मग दोन्ही एकत्र करून कागदी कपांत भरायचं आणि २० ते २२ मिनिटं भाजायचं.

आता रडगाणं. ओटीजीत असताना टम्म फुगतात. बाहेर काढले की पाच मिनिटांत प्रत्येकाच्या मध्ये खड्डा, आणि सुकेळी सगळी तळाला. चव फर्मास, पण कुणाकडे नेण्यासारखे नाहीत. कुठे चुकतंय?

तोंपासु_तज्ज्ञ | शनिवार, दुपारी ३:२५

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! वाखु (वाचनखूण) साठवली आहे. फोटो दिसत नाहीयेत, की टाकलेच नाहीत?

आगाशीकरीण | शनिवार, दुपारी ३:३१

टाकलेच नाहीत. खड्ड्यांचे फोटो काढायला मी काय महानगरपालिका आहे?

मिरजेची_सून | शनिवार, दुपारी ४:०२

अंड्याऐवजी काय घालता येईल? आमच्याकडे सासूबाईंना चालत नाही.

आगाशीकरीण | शनिवार, दुपारी ४:१५

दही पाव वाटी वाढव. एकदा केलेत तसे. थोडे ठिसूळ होतात, पण केळं असतंच चिकटपणाला. कप सोलताना गरम असतील तर अर्धा मफिन कागदालाच राहतो, तेवढं सांभाळ.

भट्टीवाले_काका | शनिवार, संध्याकाळी ६:४०

ताई, तीस वर्षं बेकरीत काढली, आता निवृत्त. पाककृती चांगली आहे. दोन प्रश्न. एक, '४ केळी' म्हणजे कुठली केळी? दोन, भाजताना दार किती वेळा उघडता?

आगाशीकरीण | शनिवार, संध्याकाळी ६:५५

काका, केळी भाजीवाल्याकडची नेहमीची, लांब जळगावची. दार... दोनदा. कधी तीनदा. 😬

भट्टीवाले_काका | शनिवार, संध्याकाळी ७:३०

मग खड्डा कुठून आला ते सापडलं.

बेकरीत आम्ही काहीही नगावर मोजत नाही, अंडीसुद्धा नाही. चार वेलची केळी सोलून जेमतेम २०० ग्रॅम भरतील. तुमची जळगावची चार मोठी केळी सोलून ४५० ग्रॅमपर्यंत जातात. केळ्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे एका घरात चार केळ्यांतून दीडशे ग्रॅम पाणी जातं आणि दुसऱ्या घरात साडेतीनशे, मैदा दोन्हीकडे तेवढाच. तुमच्या मफिनला फुगायला सोडा आहे, वाफ आहे, पण फुगलेलं धरून ठेवायला भिंत नाही. आतलं पीठ शिजून घट्ट व्हायच्या आत बाहेर आलं की छप्पर खाली बसतं. सुकेळी तळाला जाते तीही त्याचमुळे. मैद्यात घोळवल्याने तुकडे सुटे राहतात हे खरं, पण पीठच पातळ असेल तर त्या घोळवण्याचा उपयोग नाही. तुकडे बेदाण्याएवढे करा आणि पीठ चमच्यावरून धबकन पडेल इतकं जाड ठेवा. ओघळता कामा नये.

केळं सोलून ३०० ग्रॅम. तुमच्या बाकीच्या मापाला तेवढं पुरे.

आणि पहिली पंधरा मिनिटं दाराला हात लावायचा नाही. काचेतून बघायचं. काच काळी झाली असेल तर आधी काच घासा.

टवाळ_कार्टा | शनिवार, संध्याकाळी ७:४२

काकांनी एका प्रतिसादात केळ्याचं पाणी पाजलं. 😂

कोथरूडची_राधा | शनिवार, रात्री ८:१८

काकांना जोरदार अनुमोदन. माझी भर: ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. मी आत ठेवायचा थर्मामीटर आणला तेव्हा कळलं की माझं बटण १८० वर असतं तेव्हा आत १५५ असतं. दोन वर्षं मी स्वतःला दोष देत होते! आता २०० ला सुरुवात करते, पाच-सात मिनिटांनी १८० वर आणते. सुरुवातीच्या जोरदार उष्णतेने वरचा भाग भराभर वर येतो, तो बेकरीसारखा घुमट मिळतो. खालचा आणि वरचा दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या खाचेत.

आणि ढवळणं! केकसारखं फेटत बसू नका. सुकं ओल्यात घातलं की पळीने बारा-पंधरा वेळा खालून वर, बस. पांढऱ्या मैद्याच्या एक-दोन रेषा दिसल्या तरी चालतील. जास्त ढवळलं की मैदा चिवट होतो आणि मफिन कापल्यावर आत उभी बिळं दिसतात.

दापोलीचा_दाद्या | रविवार, सकाळी ७:५०

धागा छान चाललाय, पण मसाल्याबद्दल कुणीच बोलत नाहीये.

आगाशीकरीण, दालचिनी कुठली वापरता? किराणा दुकानात जी जाड, लाकडासारखी, एका थराची साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया असते. तिखट, थेट जिभेवर येणारी. खरी दालचिनी पातळ, अनेक थरांची गुंडाळी, बोटाने चुरली जाते, वासाला गोडसर. आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची दालचिनीची जात काढलेली आहे, तिची झाडं इकडे बऱ्याच बागांत आहेत. केळ्याबरोबर दीड चमचा कॅशिया म्हणजे मला जास्त वाटतं, एकच चमचा घाला. खरी दालचिनी असेल तर दीड बरोबर.

जायफळ मात्र ताजंच किसा. पूड आणली की पंधरा दिवसांत भुसा होतो. आमच्याकडे नारळाच्या सावलीत जायफळाची झाडं आहेत. फळ उकललं की आत काळ्या बियेवर लालभडक जायपत्रीची जाळी. पण लोकांना फक्त बी आणि जायपत्री माहीत, वरची जाड पिवळी टरफलं कितीतरी जण फेकून देतात. आई त्यांचा मुरांबा करते. मागे मी तोच मुरांबा बारीक चिरून मफिनमध्ये घातला होता. आंबट, तुरट, गोड आणि जायफळाचा वास, सगळं एका तुकड्यात. वेगळं जायफळ घालावंच लागलं नाही.

तोंपासु_तज्ज्ञ | रविवार, सकाळी ८:०५

दाद्या, पत्ता द्या, येतो.

लीड्सचा_नाना | रविवार, दुपारी १:२०

मसाल्यावरून आठवलं. इथे नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका ब्रिटिश पाककृतीत 'मिक्स्ड स्पाइस' दोन चमचे असं लिहिलेलं. मी म्हटलं, मिक्स्ड स्पाइस म्हणजे दुसरं काय असणार? आईने दिलेला घरचा गरम मसाला होता, तो घातला दोन चमचे. दगडफूल, मिरी, तमालपत्र, सगळं होतं त्यात. ऑफिसात मोठ्या अभिमानाने नेले. एकीने अतिशय नम्रपणे विचारलं, यात चिकन आहे का? ती शाकाहारी होती.

इकडचा मिक्स्ड स्पाइस म्हणजे दालचिनी, जायफळ, जायपत्री, लवंग, सुंठ, ऑलस्पाइस आणि चक्क धणे. गोडात धणे ऐकून मीही तोंड वाकडं केलं होतं, पण अगदी थोडी ताजी भाजलेली धणेपूड सफरचंदाबरोबर खरंच छान लागते, संत्र्यासारखा वास येतो. आणि ऑलस्पाइस म्हणजे सगळ्या मसाल्यांचं मिश्रण नव्हे. ती जमैकाकडची एकाच झाडाची वाळवलेली फळं, मिरीपेक्षा जराशी मोठी. भारतात कुठे कुठे ती कबाबचिनी म्हणून विकतात, पण खरी कबाबचिनी वेगळी, शेपटीवाली.

मिरजेची_सून | रविवार, दुपारी १:४४

चिकन 😂😂 नाना, साष्टांग.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), मैदा पूर्ण वगळून सगळी कणीक घेतली तर?

भट्टीवाले_काका | रविवार, दुपारी २:३०

होतील. पण चक्कीची कणीक जास्त पाणी पिते आणि कोंडा हळूहळू भिजतो. म्हणून कणीक आधी केळ्या-दह्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवा, दोन-तीन चमचे दूध वाढवा. सोडा आणि पावडर अगदी शेवटी. आधीच घातली तर फुगणं भांड्यातच होऊन जातं. मैद्याइतके हलके होणार नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका. खमंग मात्र जास्त लागतात.

पक्या_पुणेकर | सोमवार, सकाळी ९:१२

सगळ्यांनी जरा इकडे बघा, मी घाबरलोय.

काल रात्री ही पाककृती केली. सुकेळी पुण्यात कुठून मिळणार, म्हणून खजूर घातला आणि पौष्टिक म्हणून सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया, चांगल्या अर्धी वाटी. काल रात्री मस्त होते. आज सकाळी डब्यासाठी एक कापला, तर आत हिरवे ठिपके! गवती हिरवे. एका रात्रीत बुरशी येते का? बायको म्हणते दही खराब होतं. आम्ही दोघांनी रात्री दोन-दोन खाल्लेत. डॉक्टरकडे जाऊ का?

टवाळ_कार्टा | सोमवार, सकाळी ९:१५

पुणेकरांचे मफिनसुद्धा 'आम्हाला हवं तेव्हा हिरवे होऊ' म्हणतात. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

रसायनवाली_बाई | सोमवार, सकाळी ९:४०

पक्या, शांत व्हा. ठिपके बियांभोवतीच आहेत ना? मधल्या मोकळ्या भागात नाहीत?

पक्या_पुणेकर | सोमवार, सकाळी ९:४३

हो! प्रत्येक बीभोवती हिरवं कडं. बी स्वतःपण हिरवी.

रसायनवाली_बाई | सोमवार, सकाळी १०:२०

मग ती बुरशी नाही. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल नावाचं द्रव्य असतं. नावात क्लोर असलं तरी क्लोरीनशी संबंध नाही, ग्रीक भाषेतलं हिरव्याचं नाव आहे ते. हे द्रव्य अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या गोष्टीत, हवा आणि प्रथिनांच्या सोबतीने हिरवा रंग देतं. प्रक्रिया सावकाश चालते, म्हणून ताजे असताना दिसत नाही, रात्रभर ठेवल्यावर दिसतं. खाल्ल्याने काही होत नाही.

पण एक विचारते. सोडा अर्धाच चमचा घातला होता का?

पक्या_पुणेकर | सोमवार, सकाळी १०:२८

...एक. जास्त फुगावेत म्हणून. आणि दही संपलं होतं, दूध घातलं. म्हटलं दोन्ही एकाच घरातले.

रसायनवाली_बाई | सोमवार, सकाळी १०:५०

झालं तर. सोड्याला काम करायला आंबट लागतं. तुम्ही सोडा दुप्पट केलात आणि आंबट काढून घेतलंत. केळ्यात थोडा आंबटपणा असतो, तो एवढ्या सोड्याला पुरला नाही. उरलेला सोडा तसाच राहिला. चवीला किंचित साबणासारखं लागलं असणार.

विश्वास बसत नसेल तर दोन बशा घ्या. दोन्हींत चमचाभर बिया कुटून ठेवा. एकीत सोड्याचं पाणी, दुसरीत लिंबाचं. रात्रभर ओट्यावर राहू द्या. सोडा जास्त झाला तर गाजराचा कीसही कधीकधी हिरवट होतो, हेच द्रव्य त्यातही असतं.

भट्टीवाले_काका | सोमवार, सकाळी ११:३०

बाई, हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे एकदा अख्खी थाळी टाकून दिली होती याच कारणाने. मालकाने बियांवाल्या व्यापाऱ्याशी भांडण काढलं ते वेगळंच.

कोथरूडची_राधा | सोमवार, दुपारी १२:१५

फळांचं निघालंच आहे म्हणून: कच्चा अननस आणि दही एकत्र करून पीठ ठेवून देऊ नका. मी संध्याकाळी कालवलं, लाइट गेले, दोन तासांनी भाजले. कडू विष! अननसातलं पाचक द्रव्य दुधाच्या प्रथिनांचे तुकडे पाडतं, ते तुकडे कडू लागतात. अननस आधी चमचाभर साखर, लवंग घालून परतून घ्यायचा, पाणी आटेपर्यंत. उष्णतेने ते द्रव्य निकामी होतं आणि पाण्याचा प्रश्नही सुटतो. काकांचा मुद्दाच तो, पाणी मोजा.

दापोलीचा_दाद्या | सोमवार, दुपारी १:०५

गुळावर कुणी बोललं नाही अजून. पांढुरका पिवळा गूळ घेऊ नका. रस साफ करायला चुना घालतातच, काही ठिकाणी तर भेंडीच्या झाडाचा चीक वापरतात, ती जुनी छान पद्धत. पण रंग उजळावा म्हणून जे हायड्रॉस नावाचं रसायन घालतात त्याचा वास गरम मफिनला मला येतो. काळसर गूळ घ्या. आणि किसून थेट घालण्याऐवजी दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळून घ्या, नाहीतर कचकच लागते.

टवाळ_कार्टा | सोमवार, दुपारी १:२०

आता गुळावरून धाग्याचं काश्मीर होणार. कोल्हापूर विरुद्ध कऱ्हाड, कोण सुरू करतंय?

मिरजेची_सून | सोमवार, दुपारी १:३२

मी करणार नाही. पण कोल्हापूरच.

आगाशीकरीण | बुधवार, रात्री ९:४५

धागा वर काढतेय, कारण आज पाचवी खेप झाली.

केळी सोलून वजन केली: चार केळ्यांची ४३० ग्रॅम! काका, तुम्ही बघितल्यासारखंच सांगितलंत. ३०० घेतली, उरलेल्याचं शिकरण झालं. गूळ काळा, गाळून. (तळाशी जे उरलं ते बघून यापुढे कधीच न गाळता घालणार नाही.) दालचिनी चमचाभर, कारण माझ्या डब्यात निघाली ती जाड सालच. सुकेळीचे तुकडे बेदाण्याएवढे. पळीने मोजून चौदा वेळा ढवळलं. हात शिवशिवत होते, पण थांबले. पीठ गाठाळ आणि कुरूप दिसत होतं. २०० वर सहा मिनिटं, मग १८० वर चौदा. दार उघडलं नाही. लेक काचेला नाक लावून बसला होता, त्यालाही उघडू दिलं नाही.

खड्डा नाही. बारातल्या दोघांना किंचित तडा गेलाय वरून, तो तर मला आवडला. सुकेळी तळापासून वरपर्यंत पसरलेली, आणि कडेला आलेले तुकडे भाजून कॅरमलसारखे झालेत. सुंठ पुढच्या वेळी पाऊण चमचा करीन, गुळापुढे दबते.

आईला फोटो पाठवला. तिचा मेसेज: "सुकेळी आहे ती नुसती खायची सोडून हे काय." तासाभराने दुसरा मेसेज: "अंडं न घालता होतं का?"

भट्टीवाले_काका | बुधवार, रात्री १०:१०

शाबास. दुसऱ्या दिवशी खाऊन बघा, मसाला मुरतो. डब्यात भरायच्या आधी पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर वाफेने वरचा भाग चिकट होतो.

पक्या_पुणेकर | गुरुवार, सकाळी ७:३५

प्रयोगाचा अहवाल. सोड्याच्या बशीतल्या बिया सकाळी गडद हिरव्या. लिंबाच्या जशाच्या तशा, दिसायला कण्यांसारख्या. बायकोने दोन्ही बशांचे फोटो काढून तिच्या बहिणींच्या ग्रुपवर टाकलेत, खाली लिहिलंय 'याचा स्वयंपाक'.

नवी_सदस्या_०७ | गुरुवार, सकाळी ११:०२

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडे ओव्हन नाही, ओटीजी नाही. आप्पेपात्रात होतील का?

आगाशीकरीण | गुरुवार, दुपारी २:२०

तुझ्यासाठी म्हणून आत्ता करून बघितले, थोडं पीठ मुद्दाम निम्म्या मापाने कालवलं. होतात! प्रत्येक खळग्यात थेंबभर तूप, पीठ पाऊण भर, गॅस अगदी बारीक, झाकण. चार मिनिटांनी काडीने उलटवायचे, आणखी तीन मिनिटं. पहिली खेप करपली, कारण गूळ लवकर रंग धरतो आणि मी फोनवर होते. दुसरी छान. सुकेळीचा तुकडा तळाला आला तर पात्राला चिकटतो, म्हणून खळग्यात आधी चमचाभर तुकडे नसलेलं कालवलेलं पीठ, मग तुकडे, मग वर पीठ.

मफिन म्हणता येणार नाही त्यांना. लेकाने सात खाल्ले.